स्टँडबायवर अकरा महिने

त्याला सगळे ऑपरेटरच म्हणत. पंपहाऊसमधले म्हणत ते ठीक, पण शेजारणीही म्हणायच्या, मेव्हणा म्हणायचा आणि पुढे लेकीच्या सासरच्यांनीही तेच उचललं. एकतीस वर्षं त्याने नदीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवलं. काम अंगमेहनतीचं होतं, पण त्याहून जास्त लक्ष देण्याचं होतं. दर तासाला मीटर बघायचे, वहीत आकडे लिहायचे, बेअरिंगला हात लावून ताप बघायचा. पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी, म्हणजे शाफ्टपाशी, दोरीसारखं पॅकिंग असतं, तिथून पाणी थेंब थेंब गळायला हवं. थेंब थांबला तर पॅकिंग जळतं आणि धार लागली तर ते गेलंच समजायचं. नव्या माणसाला हे सांगून कळत नाही. दोन पॅकिंगं जाळली की कळतं.

कान तयार होते त्याचे. डबा खाता खाता तो मान वर करायचा आणि दोन नंबरच्या पंपाचा आवाज बदललाय म्हणायचा. बाकीच्यांना काही ऐकू आलेलं नसायचं. अर्ध्या तासाने मीटरचा काटा हलायला लागायचा आणि मग सगळे पाने घेऊन धावायचे.

तिथे मोठे पंप दोन. एक मेन, एक स्टँडबाय. मेन बिघडला की स्टँडबाय चालू करायचा, मेन फिटरच्या ताब्यात द्यायचा आणि तो नीट होईपर्यंत स्टँडबायवर भागवायचं. यात एक रीत होती, ती कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती. फिटरला 'कधी होणार' असं विचारायचं नाही. तो उघड्या पंपात कोपरापर्यंत हात घालून बसलेला असताना पाठीमागे उभं राहून कधी होणार म्हणणं, म्हणजे त्याला काम येत नाही म्हणण्यासारखं. झालं की तो आपणहून सांगतो. एकदा मेनचा शाफ्ट बाहेरून यायचा होता, तेव्हा स्टँडबाय सलग तेरा महिने चालला. ऑपरेटरने त्या तेरा महिन्यांत एकदाही विचारलं नाही. फिटरने निवृत्त होताना चारचौघांत ही गोष्ट सांगितली होती. ऑपरेटरला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

तो स्वतः निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. मग जेवण नकोसं झालं, मग दोन जिने चढून आल्यावर बोलता येईना. बायकोने दवाखान्यात नेलं. तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर कमी बोलणारा होता. रिपोर्ट बघून तो म्हणाला की रक्तदाब बरीच वर्षं जास्त असणार, कळलं नाही. दोन्ही किडन्या काम करत नाहीत. मशीनवर घ्यावं लागेल.

ऑपरेटरने मान हलवली. त्याला सगळं समजलं होतं. मेन बंद पडला, आता स्टँडबायवर घ्यायचं. डॉक्टर कमी बोलला याचंही त्याला बरं वाटलं. चांगले फिटर बडबड करत नाहीत.

किडन्या कशाने गेल्या, हेही त्याने मनाशी नक्की केलं. रक्तदाबाचं डॉक्टरने कागदावर लिहिलं ते लिहिलं. खरं कारण वेगळं होतं. पंपहाऊसचा संडास दोनशे पावलांवर होता. तेवढा वेळ मीटर सोडून जायला नको म्हणून तो पाळीभर पाणीच पीत नसे. ऐन उन्हाळ्यातही. गावाला पाणी पुरवणारा माणूस स्वतः कोरडा चालला. पंप कोरडा चालला की त्याचं सील जळतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण सील जळलं म्हणून पंप कुणी भंगारात देत नाही. उघडतात, दुरुस्त करतात, पुन्हा बसवतात. वेळ लागतो एवढंच.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. लांबट खोली, नऊ पलंग, प्रत्येकाशेजारी एक मशीन. त्याच्या डाव्या हातात मनगटाजवळ दोन रक्तवाहिन्या जोडून दिल्या होत्या. तिथे बोट ठेवलं की आत घरघर लागायची. पहिल्या दिवशी मशीनवाल्या ताईने त्याला ती तपासायला शिकवलं. ती थांबली तर लगेच कळवा म्हणाली. त्याला हे शिकवणं म्हणजे कमालच होती. तो दिवसातून दहा वेळा बोट ठेवायचा आणि चांगलं चाललंय म्हणायचा.

शेजारच्या पलंगावर शिंपी असायचा. जिभेला हाड नसलेला माणूस. किडन्या का गेल्या याची त्याच्याकडे दोन कारणं होती आणि तो ती आळीपाळीने वापरायचा. मंगळवारी म्हणायचा, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांपायी लघवी दाबून शिलाई मारली. शनिवारी म्हणायचा, भावजयीची नजर लागली. पलीकडे एक शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्या रडल्या नाहीत, ते पाणी आत साठलं, असं त्यांचं म्हणणं. ताईने कुणाचंच कधी खोडून काढलं नाही. तिला रोज सकाळी अठरा सुया टोचायच्या असत, तेवढं काम पुरेसं होतं.

ऑपरेटर मात्र पेशंट म्हणून उत्तम निघाला. दिवसाला पाऊण लिटर पाणी सांगितलं, तर बायको सकाळी मापाने बाटली भरून ठेवायची आणि तो तेवढ्यावर भागवायचा. ज्या माणसाने तासाला लाखांनी लिटर पाणी चढवलं, तो आता घोट मोजायचा आणि याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. घरी त्याने वही घातली. आधीचं वजन, नंतरचं वजन, दर तासाचा रक्तदाब, किती पाणी काढलं. ताई बाकीच्यांना ती वही दाखवायची आणि काकांचं बघून शिका म्हणायची. शिंपी म्हणायचा, "ऑपरेटर, तुझ्यामुळे आम्हाला शिव्या बसतात. एखाद दिवस दोन तांबे पाणी पिऊन ये की."

लोक त्याच्या धीराचं कौतुक करत. वास्तविक धीराचा यात संबंध नव्हता. तो थांबला होता, आणि थांबायचं कसं हे त्याला येत होतं.

अकरावा महिना संपता संपता एक बाई कागदांची चळत घेऊन आल्या. कुठल्याशा कॉलेजात शिकत होत्या, डायलिसिसच्या पेशंटांच्या मनाचा अभ्यास करत होत्या. आज आजाराबद्दल विचारणार होत्या आणि पुढच्या खेपेला मनाबद्दल. उत्तरं शून्य ते दहा आकड्यांत द्यायची. ऑपरेटरला हे पसंत पडलं. आकड्यात सांगितलं की घोळ होत नाही.

त्यांनी विचारलं, "हा आजार आणखी किती काळ राहील असं तुम्हाला वाटतं? शून्य म्हणजे अगदी थोडा, दहा म्हणजे कायमचा."

ऑपरेटरने हिशेब केला. अकरा महिने झालेच होते.

"दोन लिहा."

"दोन?"

"बरं, तीन. कधीकधी पार्ट मिळायला वेळ लागतो."

बाईंचं पेन थांबलं. त्यांना शिकवून पाठवलेलं असणार की उत्तर दुरुस्त करायचं नाही. त्यांनी तीन लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. उपचारांचा किती उपयोग होतो? दहा, तो म्हणाला. पण त्याचं लक्ष उडालं होतं. शेजारी शिंपी जागा होता, त्याने सगळं ऐकलं होतं, आणि तो काहीच बोलला नाही. असली संधी शिंप्याने अकरा महिन्यांत एकदाही सोडली नव्हती. ऑपरेटरने मान वळवून पाहिलं. शिंप्याने डोळे मिटून घेतले.

अकरा वाजता ताई सुया काढायला आली. तिने हातावर कापसाची घडी दाबली आणि ऑपरेटरने आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"ताई, माझ्या किडन्यांचं काम कधी होणार?"

"कसलं काम, काका?"

त्याने सांगितलं. मशीन हे तात्पुरतं, आतलं दुरुस्त होईपर्यंत. औषधं चालू आहेत ती दुरुस्तीचीच ना?

ताईने दाबलेलं बोट काढलं नाही. "काका, त्या आता चालू होत नाहीत. औषधं बाकीचं शरीर सांभाळायला. मशीन कायमचं आहे."

"दुसरी बसवतात ना?"

"बसवतात. पण तुमचं हृदय ते ऑपरेशन सोसणार नाही. डॉक्टर पहिल्याच महिन्यात बोलले होते, फाईलला लिहिलंय." मग ती जरा वाकली. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल," तो म्हणाला.

घडी दहा मिनिटं दाबून धरायची असते. त्याने दहा मिनिटं दाबून धरली.

पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. तो घरी आला, हातपाय धुतले, जेवला. बायको भाजी चिरत होती. त्याची भाजी दोनदा उकळून पाणी टाकून करावी लागे, म्हणून ती दुपारीच संध्याकाळच्या तयारीला बसायची. तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला.

"हे कायमचं आहे, तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला माहीत नाही, हे?"

तिने विळी आडवी केली. "तेही माहीत होतं."

दुसऱ्याच महिन्यात तो म्हणाला होता की हे एकदा सुटलं की गच्चीवरची पाइपलाइन बदलू. तेव्हा तिला शंका आली. ती एकटी डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाला, मी सांगितलंय, पुन्हा सांगू का? तिने नको म्हटलं होतं.

"का?"

"तुम्ही जात होतात. पहाटे उठून, न कुरकुरता. जाणाऱ्या माणसाला मी कशाला थांबवू?"

या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती. आपल्याला राग यायला हवा, एवढं त्याच्या लक्षात आलं. पिशवीत हत्यार चाचपावं तसा त्याने तो आत चाचपून पाहिला. तो तिथे नव्हता. तो उठला आणि स्टूल जागेवर ठेवलं.

त्यानंतर काय झालं हे सांगायला फारसं काही नाही, आणि तेच झालं. वही बंद पडली. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं, एका मंगळवारी त्याने आकडा लिहिला नाही आणि गुरुवारी वही कुठे ठेवली ते आठवलं नाही. पेपर तो उघडायचा आणि त्याच पानावर तासभर बसायचा. कान गेले. म्हणजे ऐकू येत होतं, पण बायकोला तीनदा हाक मारावी लागायची. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तो शेजारच्या खोलीतून हलायचा नाही. मनगटावर बोट ठेवणंही त्याने सोडून दिलं. पाण्याची बाटली कधी दुपारीच संपायची, कधी संध्याकाळपर्यंत तशीच राहायची. पाणी सोडलंही नाही आणि धरलंही नाही. लेक दोन दिवस येऊन राहिली. तिच्याशी तो नीट बोलला, जावयाची चौकशी केली, आणि ती गेल्यावर ती आली होती हे त्याला दुसऱ्याच्या घरची गोष्ट असल्यासारखं आठवत होतं.

कागदवाल्या बाई ठरल्याप्रमाणे पुन्हा आल्या. या वेळी मनाचे प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं?

"कशात म्हणजे?"

"कशातही. टीव्ही, पेपर, गप्पा."

"ही काय कामं झाली?"

शिंपी हसला. बाईही हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. उदास वाटतं का, त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला.

"मग काय वाटतं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "मोटर फिरतेय. पंपाला जोडणारं कपलिंग तुटलंय. आवाज सगळा येतो, पाणी काही चढत नाही."

आकड्यासाठी जागा होती तिथे बाईंनी ते अख्खं वाक्य लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला, की मेलेलं बरं असं मनात येतं का. मेल्यावर काही बरं होईल असं वाटत नाही, तो म्हणाला. चालू राहून काय होतं, तेही कळत नाही.

बाई थेट डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर त्याच दिवशी आला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्टूल ओढून बसला. त्याने समजावून सांगितलं की मशीनवरच्या पुष्कळ लोकांना हे होतं, हासुद्धा आजारच आहे, याला औषध आहे, बोलायला एक मॅडम आहेत. गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. उठताना तो म्हणाला, "मी एकदा सांगून थांबलो, समजलं का ते तुम्हाला विचारलं नाही. माझी चूक झाली." ऑपरेटरने मान हलवली. गोळ्या तेरा होत्या, त्या चौदा झाल्या. बायको हातावर ठेवायची, तो गिळायचा.

गोळीला नववा दिवस होता. शनिवार. बायको पिशवी भरून, चपला घालून दारात उभी राहिली. पिशवीत चादर, औषधं, फाईल. तो खुर्चीत बसून होता.

"आज नको," तो म्हणाला.

न जाण्याचा अर्थ तिला माहीत होता आणि त्यालाही. हे मशीन चुकवलं की पाणी अंगात साठतं, छातीत शिरतं, रक्तात विष चढतं, आणि मग फार दिवस लागत नाहीत. ती रडेल, लेकीला फोन लावेल, शेजाऱ्यांना बोलावेल, असं त्याला वाटलं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

ताईचा फोन आला. बायको बोलली. शिंप्याचा आला, तो म्हणे, ऑपरेटरच्या पलंगावर आज एका घोरणाऱ्याला घातलंय, ऑपरेटरला सांगा माझ्यावर उपकार करायला ये. तिने तो निरोप जसाच्या तसा पोचवला. स्वतःकडून एक शब्द घातला नाही. मंगळवारी सकाळी तिने फक्त विचारलं, "आज?" तो नाही म्हणाला. ती पुन्हा "बरं" म्हणाली.

बुधवारी त्याच्या पायात बोट रुतलं की खड्डा तसाच राहायचा. तोंडाला लोखंडाची चव आली होती. दुपारी तो आडवा झाला आणि लगेच उठून बसला. पुन्हा आडवा झाला, पुन्हा बसला. झोपलं की श्वास पुरत नव्हता. भीती वाटली का, तर तीही धडपणे वाटली नाही. छाती आपली आपण ओढत होती आणि तो पलंगाच्या काठावर हात टेकून ते बघत होता.

बायको आत आली. तिने खिडकी उघडली, त्याच्या पाठीशी दोन उशा लावल्या. मान खाली असल्यामुळे त्याला तिचे पाय दिसले. तिच्या पायांत बाहेरच्या चपला होत्या. या बाईने तीस वर्षांत जावयालासुद्धा चपला घालून उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"चपला घरात?" त्याने विचारलं. दोन शब्दांना दोन श्वास लागले.

"शनिवारपासून आहेत."

"का?"

"तुम्ही चल म्हणालात तर शोधण्यात वेळ जायला नको."

तो तिच्या पायांकडे बघत राहिला. पट्ट्याखाली कातडी सोलवटली होती. स्वयंपाक, भांडी, कपडे, सगळं या चपलांतच झालं असणार. पाच दिवस. शनिवारची पिशवी दाराशी भरलेलीच असणार, हेही न बघता त्याला कळलं. कुणी हुकूम दिला नव्हता, कुणी बघतही नव्हतं. असं काम तो ओळखत होता. त्यामुळे त्याला बरं वाटलं नाही. जगावंसं वाटलं असंही म्हणता येणार नाही. पण समोरचा माणूस पाच दिवस उभा असताना आपण बसून राहायचं, हे त्याला जमेना.

"चल," तो म्हणाला.

दवाखान्यात त्याची पाळी नव्हती, तरी ताईने मशीन मोकळं केलं. वजन साडेसहा किलो जास्त निघालं. डॉक्टर येऊन बोलून गेला, बरंच बोलला, आणि ते योग्यच होतं. नाकाला ऑक्सिजन लावला. सुया आत गेल्या. ताईने सांगितलं की सगळं पाणी एकदम काढता येणार नाही, हृदयाला झेपणार नाही. आज तीन किलो, बाकीचं उद्या आणि परवा. रात्री इथेच राहा, असं डॉक्टरचं म्हणणं होतं. पण चार तासांनी श्वास बसला, ऑक्सिजनचा आकडा नीट आला, तेव्हा सकाळी सातला हजर राहण्याच्या अटीवर त्याने सोडलं.

"काका, आज आणि परवा बाकीच्यांच्या वेळा हलवून तुम्हाला बसवतेय," ताई म्हणाली. "याल ना? नसाल येणार तर आत्ता सांगा."

याआधी त्याने मशीनवर जाताना पुढचं काहीतरी धरलेलं असायचं. आता पुढे उद्याचे सात होते, त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. पण सातपर्यंत दिसत होतं.

"येतो," तो म्हणाला.

रात्रीच्या बसला गर्दी नव्हती. बायको खिडकीशी बसली आणि बस हलायच्या आत तिचा डोळा लागला. मान काचेवर आपटायला लागली, तेव्हा त्याने ती उजव्या खांद्यावर घेतली, डावा हात पट्टीत होता म्हणून. घरापर्यंत सहा थांबे होते. दोघंही झोपले तर पुढे जाऊ, म्हणून तो जागा राहिला.